महापौरांची खुर्ची आणि चाळीचा नळ

१९८५ सालच्या एप्रिल महिन्यात दहावीची परीक्षा देऊन मी नुकताच मोकळा झालो होतो. माझगावातली आमची चाळ कोकणी मुसलमानांची, पण शेजारी मालवणी, घाटी, ख्रिस्ती सगळेच. अब्बा गिरणीत कामाला होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि तेव्हापासून ते घरीच होते. अशा दिवसांत महापालिकेची निवडणूक लागली. भोंगे लावलेल्या जीपगाड्या गल्लीत शिरत, भिंती रंगल्या, नावांच्या चिठ्ठ्या घरोघर आल्या. आणि निकाल लागला तेव्हा १७० पैकी ७४ जागा शिवसेनेच्या होत्या. छगन भुजबळ महापौर झाले. ते आमच्याच माझगावचे आमदार, म्हणून चाळीत त्या दिवशी दोन तट होते. एक फटाके वाजवणारा आणि एक खिडकीतून बघणारा. आम्ही खिडकीत होतो. आजीला दोन्हींत रस नव्हता. नळाला पाणी पहाटे किती वाजता येणार, एवढाच तिचा प्रश्न होता.

हा निकाल कसा लागला, ते नीट पाहण्यासारखे आहे. १९८४ च्या डिसेंबरात लोकसभेला काँग्रेसची लाट होती. मुंबईत त्या लाटेला आडवे गेले ते डॉ. दत्ता सामंत. गिरणगावाने त्यांना दिल्लीला पाठवले. मार्च १९८५ च्या विधानसभेत शिवसेनेचा एकच उमेदवार निवडून आला, तो म्हणजे भुजबळ. आणि लगेच महिन्याभरात तीच शिवसेना महापालिकेत पहिल्या क्रमांकावर! लोक एका महिन्यात इतके कसे बदलले? बदलले लोक नव्हते, बदलला होता प्रश्न. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव शिजतो आहे, असे त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील बोलून गेले. मुंबई काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी दादांचे फारसे सख्य नव्हते आणि त्यांना शह देण्यासाठीच ते बोलले, असे जुने पत्रकार सांगत. खरे-खोटे दादाच जाणोत. पण संयुक्त महाराष्ट्राची जखम अजून ओली होती. पक्षातल्या पक्षात मारलेला खडा तिथे जाऊन लागला.

ही जखमसुद्धा महापालिकेच्या इतिहासातच आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका काँग्रेसच्या हातून काढून घेतली. आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले, त्यांच्यामागून मीरत कटाच्या खटल्यातले कम्युनिस्ट कॉम्रेड एस. एस. मिरजकर, आणि मग आंबेडकरी चळवळीतले पी. टी. बोराळे. शिक्षक, कम्युनिस्ट, दलित नेता. तीन वर्षांत त्या खुर्चीवर अख्खी मुंबई बसून गेली, असे मला वाटते. राज्य मिळाले, १ मे १९६० उजाडला आणि समितीला बांधून ठेवणारा धागाच संपला. १९६१ मध्ये काँग्रेस परत आली.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईच्या महापौराला अधिकार कमी आणि मान जास्त. १८८८ च्या कायद्याने कारभाराची किल्ली आयुक्ताच्या कमरेला बांधली आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. तिजोरीची दुसरी किल्ली स्थायी समितीकडे. महापौर सभा चालवतो आणि पाहुण्यांचे स्वागत करतो. १९९८ मध्ये महापौर परिषद आणून हे बदलून पाहिले, वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला. तरीही या खुर्चीने काही माणसे पाहिली आहेत. १९४२ मध्ये युसुफ मेहेरअली तुरुंगात असताना त्यांची उमेदवारी पुढे आली आणि ते महापौर झाले. 'भारत छोडो' हे शब्द सुचवणारा हाच माणूस. आमच्या शाळेत मला त्यांचे नाव कोणी सांगितले नाही. ते कळायला कॉलेजातून बी. ए. होईपर्यंत थांबावे लागले.

शिवसेना महापालिकेत आली ती १९६८ मध्ये, १४० पैकी ४२ जागा घेऊन. तेव्हा तिचा हात धरला होता प्रजा समाजवाद्यांनी. १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते तिचे पहिले महापौर झाले. आणि पुढे त्याच सत्तरच्या दशकात महापौरपदाच्या गणितासाठी शिवसेना आणि मुस्लिम लीग एकमेकांच्या उपयोगी पडली, नागपाड्यात ठाकरे आणि बनातवाला एका व्यासपीठावर बसले. आज हे सांगितले की तरुण पोरे माझ्याकडे संशयाने पाहतात. पण घडले ते घडले. मला त्यात आश्चर्य वाटत नाही, वाईट मात्र वाटते. दोन्ही बाजूंनी आमच्या मताचा गठ्ठा मोजला. त्या गठ्ठ्यात अब्बांचेही एक मत होते आणि त्यांना कोणीच काही विचारले नव्हते.

१९७८ मध्ये जनता पक्षाच्या वाऱ्यात शिवसेना २१ जागांवर घसरली. तिचे दिवस भरले, असे शहाण्यांनी लिहून टाकले. पुढे १९८४ मध्ये मुदत संपली आणि महापालिका वर्षभर प्रशासकाच्या हाती गेली. त्यानंतरचा तो १९८५ चा एप्रिल, ज्याने मी हे बोलणे सुरू केले.

१९८५ मध्ये 'मराठी माणूस' हा शब्द भिंतीभिंतीवर होता. मी घरात कोकणी बोलत होतो, शाळेत मराठी शिकत होतो आणि वहीच्या मागच्या पानांवर चोरून मराठीत कविता लिहीत होतो. त्या शब्दात मी येतो का, हे मला कोणाला तरी विचारायचे होते. फटाके वाजवणाऱ्यांत माझा वर्गातला मित्र होता, बाकावर शेजारी बसणारा. त्याला विचारावेसे वाटले आणि विचारले नाही. त्यानेच वर येऊन अब्बांच्या हातात पेढा ठेवला. अब्बांनी तो खाल्ला. आजीने पाण्याचे विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "आता येईल बघा आजी."

पुढचे झटपट सांगतो. १९९२ च्या फेब्रुवारीत वारे फिरले. २२१ पैकी ११२ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि रिपब्लिकन पक्षाचे चंद्रकांत हंडोरे महापौर झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहर पेटले. आमच्या चाळीत कोणी मेले नाही, पण दोन बिऱ्हाडे मुंब्र्याला गेली, ती परत आली नाहीत. १९९७ मध्ये शिवसेना १०३ जागा घेऊन परतली आणि भाजपच्या साथीने तिने सत्ता धरली. २०१७ मध्ये त्याच दोघांत ८४ विरुद्ध ८२ अशी अटीतटी झाली, भाजपने महापौरपद लढवले नाही आणि खुर्ची शिवसेनेकडेच राहिली. मार्च २०२२ मध्ये ती मुदत संपली आणि महापालिकेवर पुन्हा प्रशासक आला.

१९८५ च्या त्या पावसाळ्याच्या तोंडाशी अब्बा पाण्याचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले होते. अर्ज मराठीत होता, मी लिहिलेला. कारकुनाने वाचला, शुद्धलेखन चांगले आहे म्हणाला आणि शिक्का मारून फायलीत घातला. नळाला पाणी पहाटे साडेचारला येत होते, तसेच येत राहिले.