नेटवर्कवरील फाइल उघडण्यास विलंब का होतो? कारणे आणि शोधाचा क्रम

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे नवनगर हे आज कचेऱ्यांचे उपनगर म्हणून ओळखले जाते. २००९ साली सुरू झालेले कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ, कर्करोग रुग्णालय, नगरविकास प्राधिकरण आणि त्यांच्या अवतीभवती वाढलेली वकील, लेखापरीक्षक व व्यापाऱ्यांची कार्यालये येथे आहेत. पणजीचा पाटो, वेर्णाची औद्योगिक वसाहत आणि नवनगर यांच्यात एक गोष्ट समान आहे. तिन्ही ठिकाणी पाच-पंचवीस संगणक एका सर्व्हरला जोडलेले असतात आणि दिवसाचे बहुतेक काम त्या सर्व्हरवरच्या फाइली उघडण्या-मिटण्यातच जाते.

फाइल उघडण्यास अर्धे मिनिट लागू लागले की कर्मचारी त्यावर आपापला तोडगा काढतात. ते फाइलची प्रत स्वतःच्या संगणकावर घेतात आणि तेथेच काम करतात. काही महिन्यांत एकाच नोंदवहीच्या चार प्रती तयार होतात. त्यांतील आकडे जुळत नाहीत आणि एखाद्या संगणकाची डिस्क बिघडली की त्यावरची प्रत कायमची जाते, कारण बॅकअप केवळ सर्व्हरचा घेतलेला असतो. विलंबाचा खरा धोका हा आहे. वाया जाणारा वेळ त्यामानाने किरकोळ ठरतो. म्हणून नवे संगणक खरेदी करण्यापूर्वी कारण शोधणे अगत्याचे ठरते.

फाइल उघडताना काय घडते?

आपण फाइलवर दोनदा क्लिक करतो तेव्हा संगणक सर्व्हरशी एक लांबलचक संवाद साधतो. प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो. मग जोडणी होते, वापरकर्त्याची ओळख पटवली जाते, त्या फोल्डरची परवानगी तपासली जाते आणि फाइल दुसऱ्या कोणी उघडली आहे काय हे विचारले जाते. यानंतर प्रत्यक्ष मजकूर येऊ लागतो. तो येत असताना अँटिव्हायरस त्याची छाननी करतो आणि शेवटी वर्ड किंवा एक्सेल ती फाइल पडद्यावर मांडते.

विंडोजच्या जगात हा संवाद एसएमबी नावाच्या नियमावलीनुसार चालतो. तिचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. लिनक्सच्या सर्व्हरवर हेच काम सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर करते. त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास केली. एसएमबीची पहिली आवृत्ती फार बोलघेवडी होती, म्हणजे लहानशा कामासाठीही अनेक प्रश्नोत्तरे करीत असे. विंडोज व्हिस्टासोबत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही प्रश्नोत्तरे बरीच कमी केली. कचेरीत एखादा जुना साठवण-संच पहिल्याच आवृत्तीवर चालत असेल तर तो संथ असतोच, शिवाय असुरक्षितही असतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच पहिल्या आवृत्तीतील उणिवेचा लाभ घेतला होता.

आधी मोजमाप, मग उपाय

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. विलंब एकाच संगणकावर होतो की सर्वांवर? एकावरच असेल तर दोष बहुधा त्या संगणकात, त्याच्या केबलमध्ये किंवा त्या वापरकर्त्याच्या खात्यात असतो. सर्वांवर असेल तर सर्व्हर किंवा मुख्य स्विचकडे पाहावे.

२. एकच फाइल संथ आहे की सगळ्या? तीच फाइल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर घेऊन उघडून पाहावी. तेथेही ती तितकाच वेळ घेत असेल तर नेटवर्क निर्दोष आहे.

३. विलंब फक्त दिवसातील पहिल्या वेळी होतो की प्रत्येक वेळी?

४. तो ठरावीक वेळी होतो काय? उदाहरणार्थ, सकाळी सर्वजण संगणक सुरू करतात तेव्हा, किंवा दुपारी बॅकअप चालू असताना.

यानंतर थोडे गणित करावे. १०० मेगाबिट वेगाच्या साध्या नेटवर्कवरून सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट मजकूर वाहतो. म्हणजे पाच मेगाबाइटची फाइल अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचायला हवी. दोनशे किलोबाइटचे पत्र उघडण्यास वीस सेकंद लागत असतील, तर तो वेळ मजकूर वाहून नेण्यात जात नाही. संगणक कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. अशा वेळी जलद इंटरनेट जोडणी घेऊनही काडीचा फरक पडत नाही.

विलंब दर वेळी जवळपास सारखाच असेल तर संशय आणखी बळावतो. बंद असलेल्या यंत्राशी जोडणी करण्याचा प्रयत्न विंडोज सुमारे २१ सेकंदांनंतर सोडून देते. घड्याळ लावून पाहिल्यावर दर वेळी वीस-बावीस सेकंदच भरत असतील, तर संगणक अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर दार ठोठावीत आहे असे समजावे.

नसलेल्या सर्व्हरचा शोध

हे दार कोठले असते? पुढील ठिकाणी तपासावे.

पहिले ठिकाण म्हणजे जोडलेले ड्राइव्ह. सर्व्हर बदलला जातो, पण जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवणारा ड्राइव्ह अनेक संगणकांवर तसाच राहतो. फाइल उघडण्याची चौकट समोर येताना विंडोज त्या ड्राइव्हचीही चौकशी करते आणि अडकून बसते. लाल फुलीचे ड्राइव्ह काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रिंटर. वर्ड आणि एक्सेल पानाची मांडणी ठरवताना मूळ निवडलेल्या प्रिंटरला विचारतात. तो प्रिंटर नेटवर्कवरून काढून टाकलेला असेल तर कागदपत्र उघडतानाच खोळंबा होतो. कसोटी सोपी आहे. काही काळ पीडीएफ बनवणारा आभासी प्रिंटर मूळ म्हणून निवडावा आणि फरक पडतो का ते पाहावे.

तिसरे ठिकाण फाइलच्या आत दडलेले असते. एक्सेलच्या एका फाइलमधून दुसऱ्या फाइलकडे जाणारे दुवे आणि वर्डच्या पत्राला जोडलेला जुना नमुना यांचे मूळ स्थान नाहीसे झालेले असू शकते. एक्सेलमधील डेटा विभागात असे दुवे पाहता येतात व तोडताही येतात.

चौथे ठिकाण म्हणजे नावांची नोंदवही, अर्थात डीएनएस. कचेरीतील सर्व्हरचे नाव कचेरीतीलच डीएनएस सांगू शकतो. एखाद्याने संगणकावर बाहेरच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता घातला तर संगणक आधी बाहेर चौकशी करतो, तेथून नकार येतो आणि मग इतर मार्ग धुंडाळतो. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा अंकी पत्ता देऊन तोच फोल्डर उघडावा. तो लगेच उघडला तर संशय प्रथम नावाच्या नोंदीवर घ्यावा. मात्र अंकी पत्त्याने ओळख पटवण्याची पद्धतही बदलू शकते, म्हणून ही कसोटी आहे, कायमचा उपाय नव्हे.

केबल, स्विच आणि दमट हवा

केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटसाठी दोन जोड्या पुरतात. एक गिगाबिटसाठी चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाचा जोड सैल झाला की जोडणी पूर्ण बंद पडतेच असे नाही. बहुतेकदा ती गुपचूप एक दशांश वेगावर उतरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नेटवर्कच्या गुणधर्मांत दिसणारा वेग पाहणे हे एका मिनिटाचे काम आहे. गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत धातूचे संपर्कबिंदू गंजतात, त्यामुळे ही तपासणी पावसाळ्यानंतर एकदा करावीच. तांब्याच्या केबलचा एक टप्पा १०० मीटरहून लांब नसावा, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. जोडणीचे एक टोक एकाच वेळी बोलू व ऐकू शकेल अशा पद्धतीवर आणि दुसरे टोक आळीपाळीच्या पद्धतीवर ठेवले गेले, तर लहान संदेश नीट जातात, मोठी फाइल मात्र रखडते. दोन्ही टोके स्वयंचलित निवडीवर ठेवली की हा प्रश्न सहसा सुटतो.

तारेने जोडलेल्या संगणकावरून सर्व्हरला पिंग केल्यास उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवे. शंभर संदेशांतील दोन-तीनही हरवत असतील तर केबल, जोड आणि स्विचचे बंदर क्रमाने बदलून पाहावे. वायफायवर काम करणाऱ्या संगणकाची चाचणी नेहमी तारेवर पुन्हा करावी.

अँटिव्हायरसची दुहेरी तपासणी

पुष्कळ कचेऱ्यांत एकच फाइल दोनदा तपासली जाते, एकदा सर्व्हरवर आणि एकदा वापरकर्त्याच्या संगणकावर. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस असतील तर ते परस्परांच्या वाटेत येतात. त्यांतील एक काढून टाकावा. सर्व्हरवरील तपासणी भक्कम असेल, तर वापरकर्त्याच्या बाजूची नेटवर्क-फाइलींची दुबार तपासणी वगळता येते. हा निर्णय संगणक-विभागाने लेखी घ्यावा. चाचणीसाठी संरक्षण दोन मिनिटे थांबवणे आणि ते कायमचे बंद करून ठेवणे यांत मोठे अंतर आहे.

सर्व्हर आणि त्याची डिस्क

फिरत्या तबकडीची डिस्क विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साधारण शंभरच वाचने करू शकते. एसएसडी हजारोंनी करते. वीस जणांनी एकाच वेळी लहान-लहान फाइली मागितल्या आणि त्याच वेळी बॅकअप चालू असला, तर जुनी डिस्क धापा टाकू लागते. बॅकअप रात्री लावावा, डिस्क काठोकाठ भरू देऊ नये आणि एकाच फोल्डरात हजारो फाइली साठवू नयेत. वर्षवार, विभागवार फोल्डर करावेत.

लहान कचेऱ्यांत साधा विंडोज संगणकच सर्व्हर म्हणून वापरला जातो. विंडोज १० व ११ च्या सामान्य आवृत्त्यांत एका वेळी वीस जोडण्यांची मर्यादा असते. पंचवीस जणांची कचेरी अशा संगणकावर चालवली की विसाव्यानंतर येणाऱ्याला नकार मिळतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, होम वगळता, संदेशावरील सहीची पडताळणी आपोआप सक्तीची झाली आहे. त्यामुळे अद्ययावत केल्यानंतर एखादा जुना साठवण-संच मंदावला किंवा जोडलाच गेला नाही, तर कारण येथे असू शकते. अशा वेळी सुरक्षा सैल करण्यापेक्षा त्या संचाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे श्रेयस्कर.

फाइलच जड असेल तर

वर्षानुवर्षे तीच एक्सेल फाइल पुढे चालवली की रिकाम्या ओळींतही रंग, चौकटी आणि सूत्रे साचतात. आवश्यक तेवढी पाने नव्या फाइलीत घेतल्यास आकार लक्षणीय घटतो. वर्डमध्ये मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आकार कमी करूनच घालावीत. एखादी फाइल कोणीही उघडलेली नसताना ती वापरात असल्याचा संदेश येत असेल, तर मागे राहिलेली छोटी लपलेली कुलूप-फाइल किंवा न तुटलेली जुनी जोडणी सर्व्हरवर शोधावी.

शाखा नवनगरला, सर्व्हर पणजीला

समजा, पणजीतील एका आस्थापनाची शाखा नवनगरला आहे आणि तेथील कर्मचारी पणजीच्या सर्व्हरवरील फाइली व्हीपीएनद्वारे थेट उघडतात. रस्त्याने हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतले. परंतु दोन्हीकडच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असतील, तर संदेश मुंबई किंवा बंगळूर असा वळसा घालून जाऊ शकतो. एका प्रश्नोत्तराला वीस मिलिसेकंद लागले आणि फाइल उघडताना अशी हजार प्रश्नोत्तरे झाली, तर वीस सेकंद गेलेच. कचेरीच्या आत, अर्ध्या मिलिसेकंदाच्या हिशेबाने, हेच काम अर्ध्या सेकंदात होते. जोडणी ५० मेगाबिटची १०० केली तरी हे वीस सेकंद फारसे कमी होत नाहीत, कारण रुंद रस्त्याने अंतर घटत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, शाखेतील कर्मचाऱ्यांनी पणजीतील संगणकाचा पडदा दूरस्थ पद्धतीने वापरावा. फाइल तेथेच राहते आणि केवळ चित्र येते. दुसरा, शाखेत प्रत ठेवून ती आपोआप जुळवणारी व्यवस्था करावी. मात्र एकच फाइल दोन ठिकाणी एकाच वेळी बदलणार नाही याची शिस्त लागते. तिसरा, कागदपत्रे क्लाउडवर न्यावीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वा ॲक्सेसची माहिती-फाइल व्हीपीएनवरून थेट उघडणे मात्र टाळावे. जोडणी मध्येच तुटली तर अशी फाइल बिघडण्याची भीती असते.

एक-चौदाच्या उताऱ्यासारख्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या सेवा संथ असतील तर तो विषय निराळा. तेथे कचेरीतील सर्व्हरचा संबंध येत नाही.

नोंद ठेवा, एकच बदल करा

शोध घेताना एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर तीच फाइल त्याच संगणकावर तीनदा उघडून वेळ लिहावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी कारण कळत नाही आणि सहा महिन्यांनी तोच दोष परतला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तारीख, संगणक, फाइल, आधीचा वेळ, केलेला बदल आणि नंतरचा वेळ, एवढे सहा रकाने पुरेसे आहेत. तंत्रज्ञाला बोलावणे आवश्यक ठरले तर ही वही त्याच्यासमोर ठेवावी. आणि दोष दूर झाल्यावर एक काम विसरू नये: संगणकांवर घेतलेल्या प्रती गोळा करून, आकडे ताडून, अंतिम प्रत सर्व्हरवर ठेवावी आणि तिचा बॅकअप घेतला जातो आहे ना, याची खात्री करावी.