वणव्यानंतरचं घर आणि डोंगर

नाशकात होळी जवळ आली की त्र्यंबक रस्त्याने रात्री जाताना डोंगरावर कधीकधी केशरी रेघ दिसते. लांबून छान दिसते, पण तो वणवा असतो! तो विझल्यावर घर कसं उभं राहतं आणि जमीन कशी सावरते? उत्तर शोधायला थोडं इतिहासात जावं लागतं.

आधी घर. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडचं जुनं घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचं लिंपण आणि वर गवताचं छप्पर. ठिणगी पडली की खलास. पण ते पुन्हा बांधायला पैसा कमी आणि डोंगर जास्त लागायचा. गवत, कारवी, वासे सगळं तिथूनच यायचं. डोंगरही जळाला असेल तर मात्र गवतासाठी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं, आणि कारवीसाठी त्याहूनही जास्त. म्हणजे डोंगर राखणं हा गावाचा स्वार्थच होता.

आता गंमत पाहा. हीच माणसं दरवर्षी आग लावायची. भात-नागलीची रोपं करायच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचे. पण ती आग शेतातली, माणसाच्या नजरेखालची. वणव्याला असा कोणी राखणदार नसतो.

इंग्रजांना जंगलातून रेल्वे आणि बांधकामासाठी लाकूड हवं होतं. 1878 च्या वन कायद्याने जंगलं 'राखीव' करता येऊ लागली आणि राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं. राबासाठी फांद्या तोडण्यावरही बंधनं आली. शेजारच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. पुढे 1927 चा कायदा आला. त्याच्या कलम 79 नुसार जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे वासा तोडायला परवानगी काढा, पण आग लागली की धावत या! अशाने डोंगर 'आपला' राहील का?

हा तुटलेला धागा जोडायचा प्रयत्न 2006 च्या वनहक्क कायद्याने केला. त्यात कसत असलेल्या जमिनीचा हक्क आहेच, शिवाय गावाला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा आणि पुन्हा वाढवण्याचाही हक्क आहे. कागदावर. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी, त्यातले बरेच आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेले होते.

आता जमीन. वणव्यात गवत आणि पालापाचोळा जळतो, माती उघडी पडते आणि पहिल्याच जोरदार पावसात उतारावरून वाहून जाते. ब्रह्मगिरीच्या बाजूची माती शेवटी गंगापूर धरणाकडेच येणार, म्हणजे आपल्या नळाच्या पाण्यात!

मग आपण काय करतो? जूनमध्ये खड्डे खणून झाडं लावतो. हेतू चांगला, पण जागा बघायला हवी. अंजनेरीचंच उदाहरण घ्या. 2006 मध्ये तिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही नवीन वनस्पती नोंदवली गेली. तिचा कंद उन्हाळ्यात जमिनीखाली झोपलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप जमिनीत आहे! वरचं जळलं तरी पावसात रिस्टोर होऊ शकतो. पण माती वाहून गेली किंवा नेमका तिथेच खड्डा खणला, तर बॅकअपही गेला. 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ते अशाच दुर्मिळ गोष्टींसाठी.

तेव्हा जळलेल्या डोंगराला आधी हवी ती राखण. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, जळाल्यावर काही काळ चराई थांबवायची, उतारावर माती अडवायची, जुन्या खोडांना फुटवे येऊ द्यायचे. झाडं लावायची ती त्यानंतर, आणि इथलीच.

आज उपग्रहांवरून आगीचे इशारे वनखात्याच्या मोबाईलवर येतात. 2004 पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था हे काम करते आहे. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक आहेच. पण मेसेज आल्यावर हिरव्या फांद्या घेऊन डोंगर चढणारा माणूस लागतोच ना? आणि तो चढेल कधी, तर डोंगराशी त्याच्या घराचं काही नातं उरलं असेल तेव्हाच.