निंगालूचे ठिपके

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत पसरलेल्या निंगालू या प्रवाळभित्तीवर मार्च ते जुलै या काळात व्हेल शार्क, म्हणजे प्लवक गाळून खाणारा जगातील सर्वांत मोठा मासा, पृष्ठभागाजवळ येतो. १९८० च्या दशकात जेफ टेलर या स्थानिक डॉक्टरांनी या आगमनाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे परवानाधारक पर्यटन सुरू झाले. विमानातून मासा हेरायचा, नौकेने त्याच्या वाटेवर पुढे जायचे आणि एका वेळी दहाच जणांनी, नळी-मुखवटा लावून, अंगापासून तीन व शेपटीपासून चार मीटर अंतर राखत पोहायचे, असा शिरस्ता पडला; स्पर्श निषिद्ध, फ्लॅशही निषिद्ध. प्रवाशांकडून घेतलेल्या शुल्कातून व्यवस्थापनाचा खर्च काही अंशी भागे. पण खरी मिळकत छायाचित्रांची होती. कल्ल्यांमागील पांढऱ्या ठिपक्यांची रचना प्रत्येक माशात वेगळी असते, हे हेरून ब्रॅड नॉर्मन या जीवशास्त्रज्ञाने १९९५ पासून छायाचित्रांवरून ओळख पटवण्याचे काम आरंभले. पुढे जेसन होल्मबर्ग आणि खगोलभौतिकीतज्ज्ञ झावेन आर्झुमानियन यांच्यासह त्याने ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनवलेली, त्रिकोणांची तुलना करणारी गणनपद्धती ठिपक्यांना लावली. २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अंगात खूणचिठ्ठी टोचण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली आणि हौशी पोहणाऱ्याचा फोटोही, डावी कूस नीट दिसत असल्यास, शास्त्रीय नोंद ठरू लागला. अर्थात पर्यटक जातात तेथलेच मासे नोंदीत येतात, हा दोष या पद्धतीला चिकटलेलाच आहे.