बलुत्याचा सुतार आणि उक्त्याचा गवंडी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण घडली तेव्हा माणसाला खर्चाची धास्ती होती. आता तिच्या जोडीला कारागिराची धास्ती आली आहे. आमच्यापैकी एकाचे घर कोरेगाव भीमा येथे आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती काढण्याचे काम एका गवंड्याला उक्ते दिले. त्याने उचल घेतली, गच्ची खरवडली आणि तो दुसऱ्या मोठ्या कामावर निघून गेला. ओट्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ तेव्हा म्हणाले, “पूर्वी असं नव्हतं. सुतार-लोहार गावचेच. पळून जाणार कुठं?” हे वाक्य आमच्या मनात रेंगाळले. त्यातील हळहळ खरी आहे. पण तिच्यामागचा इतिहास तपासून पाहण्याजोगा वाटला.

या परिसरातील जुन्या गावरचनेची माहिती मिळवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कोरेगावहून पुण्याकडे येताना पेरणे ओलांडल्यावर लोणीकंद लागते. पेशवाई बुडाल्यावर लगेच डॉ. थॉमस कोट्स यांनी या गावाचे तपशीलवार वर्णन लिहिले आणि ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापले गेले. पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) तर मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेच.

या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. नांगर, कुळव, मोट यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर पेंढ्या व धान्य घ्यायचे, असा हिशेब. लाकूड-लोखंड कुणब्याने पुरवायचे. नवे घर, नवा दरवाजा असे काम निघाले तर त्याची मजुरी बहुधा निराळी ठरे. गवंडी मात्र बाराजणांच्या प्रचलित यादीत सहसा आढळत नाही. पांढरीच्या मातीच्या भिंती आणि धाब्याचे छत घरच्या माणसांच्या हातांनीही उभे राहत. चिरेबंदी वाडा बांधणाऱ्यालाच गवंड्याची खरी गरज पडे.

मग कारागिराची निवड कशी होई? उत्तर असे की, ती होतच नसे. सुतारकी हे वतन होते. ते वारशाने चाले, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. दुसऱ्या सुताराने गावात येऊन काम धरले तर वतनदार गोतसभेपुढे दाद मागे. बाहेरून आलेला ‘उपरी’ कारागीर कितीही कुशल असला तरी त्याचे पाय गावात पक्के रोवले जात नसत. म्हणजे आपण ज्याला विश्वास म्हणतो तो बऱ्याच अंशी पर्यायाचा अभाव होता. कुणब्याला सुतार बदलता येत नव्हता आणि सुताराला कुणबी सोडता येत नव्हता. काम बिघडले तर ओरडायचे, बलुते कमी मिळाले तर काम लांबवायचे. दोघांच्या हाती एवढेच. आत्र्यांनीही या गाड्याचे गोडवे गायिले नाहीत. त्याची चाके कुठे रुतली ते दाखवले.

सुताराची ही अडवणूक तरी सोसण्याजोगी होती. त्याच गाड्याला जुंपलेल्या महाराला गावकी ‘नाही’ म्हणण्याची सोयच नव्हती. म्हणून हा विचार कोरेगावात बसून करताना भीमेपलीकडच्या स्तंभाकडे नजर जातेच. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यांतील अनेकांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती माणसे पगारी शिपाई होती, बलुत्यावरची नव्हेत; हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभाला अभिवादन करण्यास आले आणि १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. जन्माने गळ्यात पडलेली चाकरी सोडून ठरलेल्या मजुरीवर काम करता यावे, हा त्या लढ्यातील एक गाभ्याचा प्रश्न होता. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, त्यातून या शब्दाची दुसरी बाजू मराठी साहित्यात कायमची नोंदली गेली.

तेव्हा ओट्यावरच्या त्या वाक्याला आमचे उत्तर असे : कारागिराला जाता येते, म्हणूनच तो टिकला तर त्याच्या टिकण्याला मोल आहे. आज सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांमुळे या रस्त्यावर दूरदूरचे कारागीर येतात. त्यांचे कूळ विचारून काही कळणार नाही. त्यांनी दोन पावसाळ्यांपूर्वी केलेली गच्ची पाहून कळेल. त्या घरमालकाशी बोलावे. मजुरी मालासकट की मालाविना, हे कागदावर लिहून घ्यावे. उचल बेताची द्यावी आणि पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत. पण टप्पा पुरा होताच ते त्याच दिवशी द्यावेत. खळ्यावर कुणब्याने हात आखडल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत, आणि विश्वासू कारागीर शोधणाऱ्याने आपणही विश्वासू गिऱ्हाईक आहोत का, हे आधी पाहिलेले बरे.

आमच्या गच्चीचे काम पुढे दुसऱ्या गवंड्याने पुरे केले. काम घेण्यापूर्वी त्याने आम्हांला एकच प्रश्न विचारला : पहिल्याचे पैसे किती राहिलेत?