धुराच्या नावाचा आजार

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही मुख्य रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णाची नोंद जपानमध्ये ताकेउची व शिमिझु यांनी १९५७ साली केली. अशा वेळी भरपाईसाठी बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. क्ष-किरण चित्रात ते विरळ धुरासारखे दिसते. म्हणून सुझुकी व ताकाकू यांनी १९६९ मध्ये या आजाराला ‘मोयामोया’ हे जपानी नाव दिले.

सुरुवातीला डॉक्टरांचे लक्ष पक्षाघात आणि रक्तस्राव यांवरच होते. पुढे मेंदूतील रक्तप्रवाह मोजता येऊ लागला. तेव्हा कळले, की पक्षाघात न झालेल्या प्रौढांनाही पुढच्या भागाला रक्त कमी पडल्यास कामाची आखणी करणे, दोन गोष्टी एकदम सांभाळणे जड जाऊ शकते. स्मरणशक्ती मात्र बरीच शाबूत असते. त्यामुळे असा माणूस इतरांना केवळ निष्काळजी वाटतो.