एलएचसीचा ट्रिगर : सेकंदाला ४ कोटी वेळा ‘ठेवू की टाकू?’

जिनिव्हाजवळच्या २७ किमी घेराच्या एलएचसीमध्ये प्रोटॉनचे झुबके सेकंदाला जवळपास ४ कोटी वेळा एकमेकांना भिडतात. दर वेळचा डेटा साधारण १ एमबी धरला, तरी सेकंदाला ४० टीबी! एवढं साठवणं शक्यच नाही. म्हणून ‘ट्रिगर’.

सीएमएस डिटेक्टरमध्ये पहिली चाळणी एफपीजीए चिप लावतात. सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निर्णय, आणि सेकंदाला जेमतेम १ लाख घटना पुढे. (मी बॅकएंड कोड लिहितो, आमची रिक्वेस्ट तेवढ्यात सर्व्हरपर्यंतही पोचत नाही.) मग कॉम्प्युटरचा ताफा त्यातल्या काही हजार निवडतो. बाकीचं कायमचं डिलीट, रिसायकल बिन वगैरे नाही.

मला खटकतं ते इथेच. काय ठेवायचं हे आपल्याच अंदाजावर ठरतं. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला, पण तो कशात फुटेल हे आधीपासून माहीत होतं. नवा कण भलत्याच रूपात आला तर? तो चाळणीतच जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

सीएमएसने यावर दोन वाटा काढल्यात. ‘स्काउटिंग’मध्ये पूर्ण घटनेऐवजी मोजकी मापं साठवतात, फोटोऐवजी थंबनेल ठेवावं तसं, त्यामुळे कितीतरी जास्त घटना वाचतात. दुसरी वाट एआयची. त्याला फक्त नेहमीच्या घटना दाखवून शिकवलंय. जे त्यात बसत नाही ते ठेवायचं. आणि हे एआय चालतं त्याच पहिल्या चाळणीच्या चिपवर.