बागेतला दिवा आणि चांदण्याचा हिशेब

बाबर हिंदुस्थानात आला आणि इथे काय काय नाही, याची त्याने आपल्या आत्मचरित्रात एक यादीच करून ठेवली. चांगले घोडे नाहीत, चांगली द्राक्षे-खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमामखाने नाहीत, मदरसे नाहीत. याच यादीत पुढे तो लिहितो की इथे शमा नाही, मशाल नाही आणि शमादानही नाही. मग इथले अमीर-उमराव रात्री उजेडाचे काय करतात? तर दिवेवाले पदरी बाळगतात. त्यांच्या डाव्या हातात लाकडाची लहानशी तिपाई, तिच्या एका टोकाला अंगठ्याएवढी जाड वात. उजव्या हातात तेलाने भरलेला भोपळा. भोपळ्याला एक बारीक चीर, तिच्यातून तेलाची धार वातीवर सोडत राहायची. मोठी माणसे असे शंभर-दोनशे दिवेवाले ठेवतात, असे बाबर सांगतो. त्याला ही मंडळी मळकट वाटली आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

या दिवेवाल्यांचे त्याने नोंदवलेले नाव आपल्या 'दिवटी' या शब्दाच्या अगदी जवळचे आहे. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबायला हवे. ज्या घरात खंडोबाची तळी भरतात, तिथे दिवटी-बुधली असतेच: एका हातात जळती दिवटी, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. फरगण्याच्या बादशहाला जे विचित्र वाटले, ते जेजुरीच्या वाटेवर आजही तसेच्या तसे आहे. दिव्यांच्या इतिहासात अशा गाठी वारंवार भेटतात. पलिता हा आपला शब्द अरबी 'फतीला'चे फारसीमार्गे आलेले रूप. मशाल अरबी. कंदील अरबीतून आला खरा, पण अरबीनेही तो पुढे पश्चिमेकडून उचललेला. 'मुघल' हा शब्द उच्चारला की हल्ली लगेच आवाज चढतात. दिवा त्या भांडणात पडत नाही, म्हणून आज दिव्याबद्दल बोलू. आणि तेही बागेतल्या, उन्हाळ्यातल्या दिव्याबद्दल.

बाबराच्या हिंदुस्थानाविषयी तीन मोठ्या तक्रारी होत्या: उष्मा, वारा आणि धूळ. तिन्हींपासून बचाव म्हणून तो हमामाचे नाव घेतो, आणि त्याबरोबर त्याने बाग आणि वाहते पाणी जवळ केले. आग्र्याला यमुनेपलीकडे त्याने पहिली बाग आखली. पण उत्तर हिंदुस्थानच्या मे महिन्यात दुपारी बागेत बसणार कोण? दुपार जाड भिंतींच्या आत काढायची आणि ऊन उतरले की बाहेर यायचे. म्हणून मला वाटते, काबूलची बाग दिवसाची होती, पण हिंदुस्थानात आल्यावर ती हळूहळू रात्रीची झाली. चांदण्यात बसण्यासाठी बांधलेल्या उघड्या चौथऱ्याला उर्दूत 'महताबी' म्हणतात. असा खास शब्द तयार होतो, तेव्हा तो रिवाज चांगला मुरलेला असतो.

आता रात्री बसायचे म्हटले की प्रश्न येतो: उजेड किती, कुठे आणि कशाचा?

याचे सर्वांत नेमके उत्तर मला अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सापडते. हे पुस्तक म्हणजे अकबराच्या राज्याचा जमाखर्च. हत्तीला किती चारा, स्वयंपाकघरात किती तूप, तंबूला किती कापड, सगळे त्यात आहे. त्यातच रोषणाईवर एक छोटे प्रकरण आहे. सूर्यास्ताच्या सुमाराला सोन्या-चांदीच्या शमादानांवर बारा काफुरी शमा लावून बादशहासमोर आणतात, छावणी दुरून ओळखू यावी म्हणून चाळीस गजांहून उंच खांब सोळा दोरांनी ताणून उभा करतात आणि त्याच्या टोकावर मोठा कंदील चढवतात, हे सारे त्यात येते. त्या कंदिलाचे नाव अबुल फजल 'आकासदिया' असे देतो. दिवाळीला आपल्या दारावर लागतो त्याचाच हा शाही भाऊ.

पण माझे लक्ष खिळले ते पलित्यांच्या हिशेबावर. चांद्रमहिन्याच्या पहिल्या तीन रात्री चांदणे थोडाच वेळ असते, म्हणून आठ पलिते. चौथ्या रात्रीपासून रोज एक कमी, म्हणजे दहाव्या रात्री एकच. तिथून पंधराव्या रात्रीपर्यंत एकावरच भागवायचे. सोळाव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत रोज एक वाढवायचा. विसाव्या रात्री एकोणिसाव्याइतकेच. एकविसाव्या आणि बाविसाव्या रात्री पुन्हा एकेक जास्त, तेविसाव्या रात्री बाविसाव्याइतकेच, आणि चोविसाव्यापासून महिनाअखेरपर्यंत आठ. प्रत्येक पलित्याला एक शेर तेल आणि अर्धा शेर कापूस.

माणूस शिक्षक असला की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. तीस रात्रींचा महिना धरला, तर या पद्धतीने 152 पलिते जळतात. रोज डोळे मिटून आठ लावले असते तर 240 झाले असते. म्हणजे दर महिन्याला, आठ पलित्यांच्या एका संचामागे, 88 शेर तेल आणि 44 शेर कापूस वाचला. एक तृतीयांशाहून जास्त बचत, आणि ती अशा दरबारात, जिथे तेलाची चणचण असण्याचे काही कारण नव्हते. मी हे गणित वर्गात घातले तेव्हा एका मुलाने विचारले, "पण मग ढग आले तर?" आईनमध्ये याचे उत्तर नाही. फर्राश आकाशाकडे पाहून ठरवत असावेत. त्या फर्राशांची आणि मशालचींची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, ही मात्र या बारकाईने लिहिलेल्या पुस्तकातली खटकणारी गोष्ट.

प्रत्येक बादशहा असा काटकसरी होता, असा गैरसमज नको. जहांगीर 1617 साली मांडूला होता. शब-ए-बरातीची मेजवानी नूरजहाँ बेगमच्या महालात झाली आणि महालाभोवती मोठे तलाव होते. काठांवर आणि इमारतींवर इतके कंदील आणि दिवे लावले की साऱ्या तलावावर जणू आगीचे मैदान पसरले आहे असे त्याला वाटले. शब-ए-बरात म्हणजे शाबानच्या मध्याची रात्र, चंद्र भरात आलेला. आजोळच्या नाही, पण वडिलांच्या घरच्या नियमाप्रमाणे तिथे एका पलित्यावर भागायला हवे होते! तरीही जहांगीरच्या लक्षात राहिले ते दिवे नव्हेत, त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब. हे महत्त्वाचे आहे.

कारण मुघल बागेत दिव्याची जागा पाण्याशेजारी असे, आणि सर्वांत सुंदर रचनेत ती पाण्याच्या मागे असे. याला चिनीखाना म्हणतात. बागेचा वरचा टप्पा जिथे खालच्या टप्प्याला मिळतो, तिथल्या उभ्या भिंतीत लहान कमानदार कोनाड्यांच्या ओळी कोरायच्या. वरून पाण्याचा पातळ पडदा कोनाड्यांपुढून खाली सोडायचा. दिवसा कोनाड्यांत फुलांनी भरलेली पात्रे, रात्री दिवे. लाहोरच्या शालिमार बागेत (1641-42) असे कोनाडे आहेत. दिल्लीच्या लाल किल्ल्यात हयातबख्श बागेच्या दोन टोकांना 'सावन' आणि 'भादों' नावाचे दोन संगमरवरी मंडप आहेत, तिथेही आहेत. श्रावण-भाद्रपद ही नावे मंडपांना देणारा माणूस उन्हाळ्याला किती कंटाळला असेल, याची कल्पना करावी.

फ्रेंच वैद्य बर्नियर 1665 साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेला. अचबलच्या बागेतील धबधब्याबद्दल तो लिहितो की पाण्याची ती चादर रात्री फारच खुलून दिसते, कारण तिच्यामागे भिंतीत मुद्दाम केलेल्या जागांमध्ये असंख्य दिवे लावतात. औरंगजेबाच्या काळात सगळे रंग आणि उजेड विझले, असे शाळेत शिकलेल्यांनी ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

या रचनेत सौंदर्याइतकाच व्यवहार आहे. कोनाड्यातल्या ज्योतीला तिन्ही बाजूंनी भिंतीचा आडोसा मिळतो. पुढून पाणी असल्याने ठिणगीची भीती नाही. ज्योत थेट डोळ्यांत घुसत नाही. पाणी तिचे तुकडे करते, हलवते आणि मगच आपल्याकडे पाठवते. एका दिव्याचे दहा दिवे दिसतात. उन्हाळ्याच्या रात्री उजेड असावा पण त्याची धग अंगावर येऊ नये, ही अडचण याहून चांगल्या रीतीने कुणी सोडवल्याचे मला तरी माहीत नाही. इस्तंबूलच्या उस्मानी सुलतानांनीही एक युक्ती केली होती. तिसऱ्या अहमदच्या काळात ट्यूलिपच्या ताटव्यांमधून कासवे सोडत, त्यांच्या पाठीवर मेणबत्त्या लावून. गंमत म्हणून ठीक. कासवांना विचारले असते तर त्यांनी चिनीखान्याच्या बाजूने मत दिले असते.

आणि मग एक बाग अशी झाली, जिथे दिव्याने जवळपास रजाच घ्यायची होती. ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर शाहजहानने महताब बाग केली, म्हणजे चांदण्याची बाग. तिथे काळ्या ताजमहालाचा पाया आहे, ही गोष्ट गाइड लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. 1990 च्या दशकात तिथे खोदकाम झाले तेव्हा काळा ताज सापडला नाही, सापडला एक मोठा अष्टकोनी हौद. ताजचे प्रतिबिंब चांदण्यात त्या हौदात पडावे, अशी ती योजना. रात्री फुलणारी पांढरी, सुगंधी फुले अशा बागेचा प्राण. मोगरा, चमेली यांची कल्पना करावी. रातराणी मात्र नको, ती मूळची अमेरिका खंडातली.

या बागेचा एक समकालीन उल्लेख आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. डिसेंबर 1652 मध्ये औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर येताना आग्र्याला थांबला आणि तिथून त्याने बापाला पत्र लिहिले. ताजच्या घुमटातून पाणी गळते आहे, हे त्यात आहे. आणि हेही आहे की महताब बाग पुराच्या पाण्याखाली गेली, तिची रया गेली आहे, पण ती लवकरच पुन्हा हिरवी होईल. अष्टकोनी हौद आणि त्याच्याभोवतीची बांधकामे मात्र उत्तम आहेत. हे लिहून तो दक्षिणेत आला. काही वर्षांनी औरंगाबादेत त्याच्या बेगमेसाठी, दिलरसबानूसाठी, बीबी का मकबरा उभा राहिला. हौद, कारंजी आणि चारबाग तिथेही आहेत.

आज ताज रात्री पाहता येतो तो पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन अशा पाच रात्री, तोही शुक्रवार आणि रमजान सोडून. चंद्राच्या उजेडात. लोक तिकीट काढून हे चांदणे बघायला जातात आणि घरी येऊन स्वतःच्या अंगणात पांढरा फ्लडलाइट लावतात. उरुसात, लग्नाच्या लॉनवर, मशिदीच्या मिनारांवरही आता हेच. हिरवा, जांभळा, गुलाबी उजेड दगडावर मारला की दगडाचा रंग आणि कोरीवकाम दोन्ही जातात. उरते ती एक रंगीत चौकट. हे इमारतीवरचे प्रेम म्हणून केले जाते याची मला जाणीव आहे, म्हणूनच बोलणे भाग आहे. उजेड जास्त म्हणजे आदर जास्त, हे समीकरण ज्यांच्या नावाने आपण ही रोषणाई करतो त्यांनी मानलेले नव्हते.

जत्रेची रोषणाई मला नको आहे, असे मात्र कुणी समजू नये. लाहोरला शाह हुसैन आणि माधो लाल यांच्या दर्ग्यावर मेला चिरागाँ भरतो. शालिमार बाग तिथून जवळच. 1958 पर्यंत हा मेळा त्या शाही बागेच्या आतही भरत असे. बादशहाने स्वतःसाठी केलेल्या बागेत गरीब माणूस एक पणती घेऊन येतो, यापरते त्या बागेचे भाग्य कोणते? पण ती पणती असते, आणि ती दोन-तीन रात्रींची असते. वर्षभर पहाटेपर्यंत जळणारा दिवा वेगळा.

उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीसाठी, परसातल्या चार कुंड्यांसाठी दिवे घ्यायला निघालेल्या ओळखीच्यांना मी हेच सांगतो की दुकानात आधी खोका उलटून केल्विनचा आकडा पाहा. 2700 च्या आसपासचा उजेड पिवळसर, तेलाच्या ज्योतीच्या जवळचा. 6500 चा निळसर पांढरा. त्याच्याकडे पाखरे, किडे जास्त येतात. दिवा डोळ्यांच्या पातळीखाली लावा, कुंडीच्या किंवा कट्ट्याच्या आडोशाला, म्हणजे उजेड दिसेल, बल्ब दिसणार नाही. पाण्याचे एखादे पसरट भांडे शेजारी ठेवता आले तर उत्तम. प्रत्येक दिव्याला वेगळे बटण असू द्या. निजताना दिवे मालवा, उंदीर वात ओढून नेऊन घर पेटवू शकतो, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. आज वात नाही, पण झोपलेल्या शेजाऱ्याच्या खिडकीत शिरणारा उजेड आहे, आणि घरट्यात जागी राहणारी पाखरे आहेत.

किती लावायचे, यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरे आहे. आपल्याकडे त्यात तिथीही छापलेली असते आणि बहुधा हिजरी तारीखही. दोन्ही चंद्रावरच चालतात. हिजरी महिन्याच्या दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या सहा रात्री अकबराच्या यादीत एकच पलिता आहे. तो जिन्याच्या पायरीपाशी लावावा, कुणी अडखळू नये म्हणून, आणि बाकीची बटणे बंद ठेवावीत.